इलाज अर्ध्यावर का सुटतो? मानसिक पुनर्वसन केंद्रातून लवकर घरी येणाऱ्या आपल्या माणसांबद्दल

रमजानचा शेवटचा आठवडा होता. इफ्तारच्या दस्तरख्वानवर अम्मीने खजूर हातात धरला आणि तसाच खाली ठेवला. म्हणाली, “ईद को मेरा बच्चा घर में नै, तो शीरखुर्मा किसके वास्ते बनाऊँ?” त्यानंतर कुणाच्या घशाखाली घास उतरला नाही. दुसऱ्या दिवशी सहेरी करून मी आणि मामू भाड्याची गाडी घेऊन सोलापूरहून पुण्याकडे निघालो.

माझा धाकटा भाऊ तिथल्या एका मानसिक पुनर्वसन केंद्रात होता. आजार स्किझोफ्रेनिया. डॉक्टरांनी निदान सहा महिने राहू द्या असं सांगितलं होतं. आम्ही त्याला सव्विसाव्या दिवशी घरी आणलं. “वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध” असं छापलेल्या कागदावर त्याने सही केली आणि नातेवाईक म्हणून त्याच्याखाली मी केली. मी शिक्षिका आहे, शिकलेली आहे. कागदावर काय लिहिलंय ते मला नीट कळत होतं. तरी सही केली.

ईद छान झाली. दोन महिन्यांनी तो पुन्हा आजारी पडला, पहिल्यापेक्षा जास्त.

त्यानंतर मी डॉक्टरांशी, समुपदेशकांशी, अशाच दुसऱ्या घरांशी बरंच बोलले. आपल्या समाजात या विषयावर बोललं जात नाही, म्हणून आज लिहिते आहे. एक गोष्ट लक्षात आली, ती आधीच सांगते. माणूस केंद्रातून लवकर बाहेर पडतो तेव्हा आपण म्हणतो, “तो राहिलाच नाही”, “त्याला बरं व्हायचंच नव्हतं”. शाळेत एखादं मूल मध्येच यायचं बंद झालं तर आम्ही त्याला गळती म्हणतो आणि घरी जाऊन विचारतो, काय झालं? शाळा लांब आहे का, कुणी मारतं का, भाषा कळत नाही का, घरी लहान भावंडं सांभाळायची आहेत का? मुलाला अभ्यास नको होता, एवढंच उत्तर क्वचितच निघतं. केंद्रातल्या गळतीचंही तसंच आहे. कारणं असतात, आणि त्यातली बरीचशी माणूस आत जाण्याच्या आधीच तयार झालेली असतात.

आधी एक गैरसमज

मानसिक आजाराचं रुग्णालय आणि पुनर्वसन केंद्र या दोन वेगळ्या जागा आहेत. आजार भडकलेला असतो, झोप नाही, भास होतात, जिवाला धोका आहे, अशा वेळी रुग्णालय. तिथलं काम आग विझवण्याचं. ते काही दिवसांत, काही आठवड्यांत होतं. पुनर्वसनाचं काम त्यानंतर सुरू होतं. वेळेवर उठणं, अंघोळ करणं, स्वतःची गोळी स्वतः घेणं, बाजारातून भाजी आणून पैशांचा हिशेब देणं, चार माणसांत बसणं, राग आला तर काय करायचं ते शिकणं, एखादं काम हाताला लावून घेणं. आजाराने ही सगळी घडी विस्कटलेली असते. ती बसायला महिने लागतात.

हाड मोडल्यावर प्लास्टर निघतं त्या दिवशी कुणी पळायला लागत नाही. आधी व्यायाम करतात, मग काठी घेऊन चालतात. मनाच्या बाबतीत मात्र आपण प्लास्टर निघालं की म्हणतो, झालं, चला घरी. आम्ही नेमकं हेच केलं. सव्विसाव्या दिवशी भाऊ शांत दिसत होता, सलाम करत होता, वेळेवर जेवत होता. आम्हाला वाटलं, बरा झाला. खरं तर फक्त गोळ्यांचा असर सुरू झाला होता.

आणि हे फक्त घरच्यांना वाटतं असं नाही. रुग्णालाही वाटतं. या आजारांतल्या काहींचं लक्षणच असं असतं की माणसाला आपण आजारी आहोत हे जाणवतच नाही. तो खोटं बोलत नसतो, हट्ट करत नसतो. त्याच्या दृष्टीने त्याला विनाकारण कोंडलेलं असतं. अशा माणसाशी “तू आजारी आहेस, मान्य कर” म्हणून वाद घालण्यात अर्थ नसतो. “तुला झोप लागत नव्हती ना, ती लागावी म्हणून इथे आहोत” हे त्याला पटू शकतं, कारण झोप न लागण्याचा त्रास त्याने स्वतः भोगलेला असतो.

पहिल्या दिवशीचं खोटं

भावाला आम्ही कसं नेलं ते सांगायला आजही लाज वाटते. “पुण्यात नोकरीची मुलाखत आहे” असं सांगून. तो नवा शर्ट घालून गाडीत बसला होता. केंद्राच्या दारात त्याला कळलं. तो ओरडला नाही. फक्त म्हणाला, “आपा, तू भी?” मग त्याने फॉर्मवर सही केली, पण ती राजीखुशीची सही नव्हती.

फसवून नेणं आपल्याकडे इतकं सर्रास चालतं की त्यात कुणाला वावगं वाटत नाही. पण विचार करा, ज्या जागेवर विश्वास ठेवायचा, तिथली पहिली आठवणच दग्याची असेल तर माणूस तिथे कसा टिकेल? सुरुवातीचे दिवस तसेही सगळ्यात कठीण असतात. जागा नवी, माणसं नवी, मोबाइल काढून घेतलेला, दिवसाचं वेळापत्रक दुसऱ्याने ठरवलेलं. त्यातच “माझ्या माणसांनी मला फसवलं” हा काटा. मग प्रत्येक फोनवर एकच मागणी, घेऊन चला.

दुसरी चूक आम्ही केली ती दिवस न सांगण्याची. किती दिवस राहायचं, हे त्याला कुणीच सांगितलं नव्हतं. आम्ही म्हणायचो, “बस, थोडे दिन.” पुढे त्याने मला सांगितलं, “जेलमध्येसुद्धा सजा किती ते सांगतात, आपा.”

गोळ्यांचा त्रास, आणि तो सांगायची भाषा

लवकर निघण्याचं एक मोठं कारण औषधांचे दुष्परिणाम. सुस्ती येते, वजन वाढतं, तोंड कोरडं पडतं, हात थरथरतात, अंग आखडतं. काहींना एक विचित्र अस्वस्थता येते. पाय एका जागी ठरत नाहीत, बसलं की उठावंसं वाटतं, उठलं की चालत राहावंसं वाटतं. डॉक्टर त्याला अकथिशिया म्हणतात. हा त्रास इतका असह्य होऊ शकतो की माणूस काहीही करून तिथून पळू पाहतो. डोस कमी करून, गोळी बदलून किंवा दुसरं औषध जोडून तो आटोक्यात आणता येतो, पण त्यासाठी डॉक्टरांना तो कळला पाहिजे.

माझ्या भावाला नेमकं हेच होत होतं. तो आपल्या दखनी बोलीत सांगायचा, “पावां में कीडे चल रे.” ऐकणाऱ्याला ती बोली येत नव्हती. अंगावर किडे चालल्याचा भास होतोय, असं समजून ते आजाराच्या लक्षणांत लिहिलं गेलं. गोळी कमी व्हायच्या ऐवजी वाढली. तो फोनवर आमच्याकडेही हेच म्हणायचा. मला दखनी येते, ती माझी मायबोली आहे. मीसुद्धा ऐकून सोडून दिलं, कारण माझ्या मनात तो आता “भास होणारा” माणूस होता. बोली येत असूनही मी त्याचं ऐकलं नाही.

म्हणून घरच्यांना माझी कळकळीची विनंती आहे. आपल्या माणसाची तक्रार त्याच्याच शब्दांत कागदावर लिहा आणि डॉक्टरांना वाचून दाखवा. “हा असं म्हणतो, आमच्या बोलीत याचा असाही अर्थ होतो” हे सांगायला लाजू नका. आणखी एक. काही औषधांच्या कॅप्सूलच्या आवरणात जिलेटिन असतं. ते चालेल का, ही शंका काहींना सतावते आणि ते गुपचूप गोळी थुंकतात. विचारलं तर पुष्कळदा तेच औषध साध्या गोळीच्या रूपात मिळतं. विचारायला हवं, एवढंच.

नमाज, जेवण, परदा

या गोष्टी बाहेरच्याला लहान वाटतील, पण महिनोन्‌महिने राहायचं असेल तर त्या लहान राहत नाहीत. वुजूला पाणी आणि नमाजला कोपरा मिळेल का? जुम्म्याला मशिदीत जाता येईल का? गोश्त हलाल आहे का, नसेल तर शाकाहारी जेवण मिळेल का? बाईमाणसाला तपासताना महिला कर्मचारी असेल का? ओढणी, हिजाब ठेवता येईल का?

आपली बरीच माणसं या प्रश्नांवर भांडत नाहीत. ती गप्प राहतात, अर्धपोटी जेवतात आणि दहाव्या दिवशी “मला इथे करमत नाही” म्हणतात. बहुतेक वेळा केंद्राची आडकाठीही नसते, कुणी विचारलेलंच नसतं. दाखल करतानाच या गोष्टी स्पष्ट बोलून घेतल्या तर ही गळती सहज थांबते. उलट बाजूही सांगायला हवी. आजाराच्या भरात कुणी रात्रभर नफिल पढत जागतो, झोपच घेत नाही, आणि त्याला थांबवलं की घरचे म्हणतात, हे लोक नमाजला अडवतात. अशा वेळी आपल्या इमाम साहेबांना डॉक्टरांशी बोलायला सांगावं. रुग्णाला सवलत आहे, हे इमामांच्या तोंडून ऐकलं की घरही शांत होतं आणि रुग्णही.

रोजाचंही असंच. आजारी माणसाला रोजा पुढे ढकलण्याची मुभा दीनमध्येच आहे. मानसिक आजारही आजारच आहे. विशेषतः ज्यांना लिथियम चालू आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोजा अजिबात धरू नये. दिवसभर पाणी न मिळाल्याने रक्तातलं लिथियम वाढून विषबाधा होऊ शकते. इतर काही औषधांच्या वेळा सहेरी-इफ्तारला जुळवून देता येतात, पण ते डॉक्टरने ठरवायचं, आपण नाही.

बाईचं जाणं, बाईचं परतणं

पुरुष आजारी पडला तर घर त्याच्यासाठी धावतं. बाई आजारी पडली तर घर अडतं. स्वयंपाक कोण करणार, मुलांना शाळेत कोण सोडणार, सासूबाईंची दवा कोण देणार? म्हणून तिला नेलंच उशिरा जातं आणि आणलंही लवकर जातं. माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई अशीच सहा आठवड्यांत परत आली, कारण घरात दुसरं कुणी नव्हतं. ती आली त्या संध्याकाळपासून चुलीपुढे. पुनर्वसनात ज्या ताणापासून तिला दूर ठेवलं होतं, तोच ताण उंबऱ्यावर तिची वाट बघत होता.

तिचा स्वतःचा जीवही मुलांत अडकलेला असतो. मुलांचा आवाज ऐकायला मिळाला, आठवड्यातून एकदा भेट झाली, तर तिला टिकणं सोपं जातं. “मुलांना पाहून रडेल” म्हणून भेट टाळणारे घरचे तिची ओढ दुपटीने वाढवतात. आणि लेकीबहिणींच्या बाबतीत एक भीती कायम असते. कळलं तर रिश्ता मोडेल, धाकटीचंही जमणार नाही. या भीतीपोटी “मामाकडे गेलीये” असं सांगितलेलं असतं. मामाकडे माणूस किती दिवस राहणार? खोट्याची मुदत संपते, तेव्हा इलाजाचीही संपते.

पैसा

हे कारण सगळ्यांत मुकाट असतं. खाजगी केंद्राची फी दरमहा भरायची असते, आणि बहुतेक वेळा कमावता हातच आत असतो. दोन महिन्यांनी घरचे “आता तो बरा आहे” म्हणतात तेव्हा पुष्कळदा त्याचा अर्थ “आता पैसे संपले” असा असतो. फी थकली हे डॉक्टरांना सांगायची लाज वाटते, म्हणून अचानक, न सांगता माणसाला आणलं जातं. सोबत ना औषधं असतात, ना चिठ्ठी.

लाज सोडून आधीच बोला. कमी दिवसांचा पण नीट आखलेला इलाज, अर्धवट सोडलेल्या लांब इलाजापेक्षा बरा. महाराष्ट्रात ठाणे, पुण्याचं येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. जिल्हा रुग्णालयांत जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातून तपासणी आणि औषधं मिळतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजारासाठीही शारीरिक आजारासारखाच विमा देणं बंधनकारक केलं आहे. पण तुमच्या पॉलिसीत पुनर्वसनाचा मुक्काम बसतो का, ते दाखल करण्याआधी वाचून घ्या. आजार दीर्घकाळचा असेल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजाराचाही समावेश आहे; ४० टक्के किंवा जास्त अपंगत्वाचं प्रमाणपत्र मिळालं तर सवलतींसाठी अर्ज करता येतो.

इथे आपल्या जमातींनाही एक आठवण करून द्यावीशी वाटते. इ. स. १२८४ मध्ये कैरोत सुलतान कलावूनने बांधलेल्या बीमारिस्तानात मनाच्या रुग्णांसाठी वेगळा विभाग होता. बरा होऊन जाणाऱ्याला लगेच मजुरीला जुंपून घ्यावं लागू नये म्हणून निघताना काही रक्कम दिली जाई, असं तिथल्या व्यवस्थेचं वर्णन इतिहासात येतं. सातशे वर्षांपूर्वी आपल्याला कळलं होतं की दारातून बाहेर पडल्यावरचे दिवसही इलाजाचाच भाग आहेत. मोहल्ल्यातल्या कमिटीने वर्षातून दोन घरांना असा हात दिला तरी पुष्कळ झालं.

“हा आजार नाही, असर आहे”

केंद्रात असताना भेटायला येणारा एखादा नातेवाईक हे वाक्य हमखास टाकून जातो. कुणी करणी केली, नजर लागली, अमुक आमिलकडे न्या, तीन जुमेरातीत उतरेल. रुग्णही थकलेला असतो, घरचेही. सहा महिन्यांच्या गोळ्यांपेक्षा तीन जुमेराती सोप्या वाटतात. आणि माणूस बाहेर येतो.

मी दुआच्या विरोधात नाही. अम्मी आजही भावावर दम करते आणि त्याला त्याने बरं वाटतं. पण दुआ आणि दवा यांच्यात निवड करायला आपल्याला कुणी सांगितलेलं नाही. गुजरातमध्ये मेहसाणा जिल्ह्यातल्या उनावा इथे मीरा दातार दर्गाहच्या आवारात “दवा आणि दुआ” नावाचा उपक्रम झाला. मुजावर येणाऱ्यासाठी दुआ करत आणि त्यालाच मानसोपचाराच्या डॉक्टरकडेही पाठवत. दोन्ही हात एकत्र आले की माणसाला एक सोडून दुसऱ्याकडे पळावं लागत नाही.

जिथून निघणंच बरोबर

आतापर्यंत वाचून असं वाटेल की काहीही झालं तरी आत राहावं. तसं नाही. तमिळनाडूतलं एरवाडी हे दर्गाहचं गाव. ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे तिथे मनोरुग्णांना ठेवणाऱ्या एका खाजगी झोपडीवजा आश्रयगृहाला आग लागली. रुग्ण साखळदंडांनी बांधलेले होते. त्यांना पळता आलं नाही. २८ जण गेले. त्यांनाही त्यांच्या घरच्यांनी बरं होण्यासाठीच ठेवलं होतं.

म्हणून “घेऊन चला” ही प्रत्येक हाक हट्ट समजून उडवून लावू नका. मारतात का, बांधतात का, उपाशी ठेवतात का, हे एकांतात विचारा. अंगावर वळ आहेत का, वजन घटलंय का ते बघा. २०१७ च्या कायद्यानुसार रुग्णाला साखळीने बांधायला पूर्ण बंदी आहे. जबरदस्तीने डोकं भादरता येत नाही, मोबदल्याशिवाय राबवून घेता येत नाही. त्याला भेटायचा, फोनवर बोलायचा हक्क आहे. केंद्राची राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी असली पाहिजे आणि ते प्रमाणपत्र दर्शनी भागात लावलेलं असलं पाहिजे. जिथे हे नाही, तिथून आपलं माणूस त्याच दिवशी काढा, दुसऱ्या चांगल्या ठिकाणी न्या आणि तक्रार करा.

कायदा काय म्हणतो

हाच कायदा मे २०१८ पासून लागू आहे. समजून-उमजून, स्वतःच्या इच्छेने दाखल झालेल्या प्रौढ रुग्णाला “स्वतंत्र रुग्ण” म्हणतात. त्याने जायचं म्हटलं तर त्याला सोडावं लागतं. जिवाला धोका वगैरे वाटत असेल तर तपासणीसाठी फक्त २४ तास थांबवता येतं. ज्याला स्वतः निर्णय घेणं त्या वेळी शक्यच नाही, त्याला त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीच्या अर्जावर, दोन तज्ज्ञांच्या स्वतंत्र तपासणीनंतर दाखल करता येतं, तेही सुरुवातीला जास्तीत जास्त ३० दिवस. पुढे ठेवायचं तर पुन्हा तपासणी आणि मंडळाची देखरेख. रुग्ण त्या मंडळाकडे दादही मागू शकतो.

काही घरांना हा कायदा अडचणीचा वाटतो. “सोडायलाच लागतं म्हटल्यावर इलाज कसा व्हायचा?” मला आता उलट वाटतं. कुलूप लावून महिनोन्‌महिने ठेवता येणार नाही, म्हटल्यावर एकच रस्ता उरतो. माणसाला राहावंसं वाटेल असं करणं. त्याची सुरुवात घरातून होते.

आम्ही आज केलं असतं ते

नेण्याआधी खरं सांगा. कुठे चाललोय, का, किती दिवस. शक्य असेल तर आधी एकदा जागा दाखवून आणा. त्याच्या अटी विचारा आणि लिहून घ्या.

कॅलेंडर समोर ठेवा. मध्ये रमजान आहे का, बकरी ईद आहे का, घरात निकाह आहे का, पेरणी आहे का? केंद्राशी आधीच बोला. ईदला दोन दिवसांची सुट्टी औषधांसह देता येते का ते विचारा. जमत नसेल तर शीरखुर्मा तिकडे घेऊन जा. आम्हाला हे सुचलंच नाही.

बोलायचा माणूस एकच ठरवा. अम्मी एक सांगते, मामू दुसरं, मेहुणे तिसरं, यात रुग्ण सगळ्यांत मऊ माणसाला धरतो. त्याची चूक नाही, कुणीही हेच करेल.

“घेऊन चला” म्हटलं तर लगेच हो म्हणू नका, लगेच नाहीही म्हणू नका. विचारा, नेमकं काय होतंय? झोप, गोळी, जेवण, सोबती, कंटाळा, घरची काळजी? एकेक करून. मग म्हणा, “हे मी आज डॉक्टरांशी बोलते. जुम्म्यापर्यंत थांब, मग आपण दोघं मिळून ठरवू.” आणि जुम्म्याला खरंच जा. पुष्कळदा त्याला बाहेर यायचं नसतं. कुणीतरी ऐकलं, एवढंच हवं असतं.

आणि तरीही तो लवकर घरी आलाच, तर ते जगबुडी समजू नका. डिस्चार्जचा कागद, औषधांची चिठ्ठी, पुरेशा गोळ्या आणि पुढची तारीख घेतल्याशिवाय निघू नका. केंद्रातून किंवा रुग्णालयातून बाहेर पडल्यानंतरचे पहिले काही आठवडे आत्महत्येच्या दृष्टीने जास्त जोखमीचे असतात, म्हणून त्या दिवसांत त्याला एकटं सोडू नका, पण पहाराही बसवू नका. झोप कमी होणं, जेवण तोडणं, गोळी टाळणं, स्वतःशी बडबड, या खुणा घरातल्या सगळ्यांना माहीत असू द्या. जगणं नको असं काही बोलला तर त्याच क्षणी मदत मागा. सरकारची टेली मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत, मराठीतही मिळते. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, टोमणा मारू नका. “एवढे पैसे गेले, टिकला का?” या एका वाक्याने परतीचा दरवाजा बंद होतो.

आमचा दरवाजा कसाबसा उघडा राहिला. दुसऱ्या वेळी मी भावाला विचारलं, जायचं का? तो दोन दिवस गप्प होता. मग त्याने तीन अटी सांगितल्या. मला फसवू नका. दिवस सांगा. पावांचं दुखणं डॉक्टरला तू स्वतः सांग. मी सांगितलं. गोळी बदलली, पाय शांत झाले. तो साडेचार महिने राहिला. सहा नाही, साडेचार. पण या वेळी निघायची तारीख त्याने, डॉक्टरांनी आणि आम्ही मिळून ठरवली होती.

आज तो एका इलेक्ट्रिकच्या दुकानात अर्धा दिवस बसतो. गोळ्या चालू आहेत. मागच्या वर्षी पुन्हा थोडं बिघडलं होतं, तेव्हा त्यानेच सकाळी येऊन सांगितलं, “आपा, दो रात से नींद नै. डॉक्टर के पास चलें?” इतक्या वर्षांत तो स्वतःहून डॉक्टरकडे निघाला, ती ही पहिली वेळ. मी शाळेत रजेचा अर्ज पाठवला आणि चप्पल घातली.